यिद्दिशची सुवर्णशृंखला

राजाश्रय गमावलेल्या भाषा पुष्कळ आहेत. पण अल्पकाळात आपले बहुसंख्य वाचकच गमावण्याची आपत्ती यिद्दिशवर कोसळली. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी सुमारे ६० लक्ष ज्यूंची हत्या केली. त्यांतील बहुसंख्य लोक यिद्दिशभाषी होते.

या संहारातून वाचलेले कवी अब्राहम सुत्स्केवर हे विल्ना नगरातले. तेथील ज्यू ग्रंथसंग्रहांतून निवडक ग्रंथ जर्मनीस धाडावयाचे व उरलेले नष्ट करावयाचे, या कामास नाझींनी ज्यू विद्वानांनाच जुंपले होते. सुत्स्केवर व त्यांचे सहकारी यांनी प्राण पणास लावून कित्येक हस्तलिखिते अंगावर लपवून आणली व दडवून ठेविली. १९४६ साली न्यूरेंबर्गच्या न्यायासनापुढे यिद्दिशमधून साक्ष देण्याची त्यांची इच्छा होती; ती रशियनमधून द्यावी लागली.

१९४७ साली ते पॅलेस्टाइनमध्ये आले. पुढील वर्षी जन्मास आलेल्या इस्राएलने हिब्रूचा पुरस्कार केला. यिद्दिशकडे तेथे वनवासातील भाषा म्हणून पाहिले जाई. तरीही १९४९ साली, 'हिस्ताद्रुत' या कामगार महासंघाच्या साहाय्याने, सुत्स्केवरांनी तेल अवीव येथे 'दि गोल्डेने केय्ट' म्हणजे 'सुवर्णशृंखला' हे त्रैमासिक काढले. देशोदेशी विखुरलेले यिद्दिश लेखक त्यात लिहू लागले. १९९५ पर्यंत त्याचे १४१ अंक निघाले.

गेलेले वाचक परत आणणे नियतकालिकाच्या हाती नसते. पण लिहिलेले कोणीतरी वाचील, हा भरवसा ते लेखकास देऊ शकते. आणि त्या भरवशावरच भाषेत नवे लेखन होत राहते, असे आम्हांस वाटते.