16 टनी ट्रक आणि हवेचा बुडबुडा

रात्रभर उभ्या असलेल्या ट्रकला सकाळी सेल्फ मारला. पहिल्याच झटक्यात इंजिन सुरू. क्लीनर टायरांखालचे दगड काढायला उतरला, आणि अर्ध्या मिनिटात इंजिन दोन-चार आचके देऊन गप्प. आता कितीही सेल्फ मारा, दाद नाही. कळंबोलीच्या लोखंड बाजारापासून निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीपर्यंत कुठल्याही मिस्त्रीला हे सांगा, त्याचं उत्तर तयार असतं: ‘एअर पकडली.’ बहुतेक वेळा ते बरोबरही निघतं. पण हवेचा एक बुडबुडा 16 टनी ट्रकला अडवतो कसा, आणि अडवायचंच होतं तर आधी सुरू का होऊ देतो?

मुळात इंजिन सुरू झालं हाच मोठा पुरावा आहे. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. हवा पंधरा-सोळा पट दाबून इतकी तापवायची की फवारलेलं डिझेल आपोआप पेटावं. ते पेटलं, याचा अर्थ बॅटरी, सेल्फ, कॉम्प्रेशन, पंप, नोजल ही सगळी मंडळी निर्दोष, निदान कामापुरती तरी. संशयित एकच उरतो: सुरुवातीच्या क्षणांत जे हजर होतं आणि नंतर नाहीसं झालं, ते काय?

किती वेळानं बंद पडलं, हे म्हणून आधी विचारायचं. किल्ली सोडताक्षणीच बंद पडत असेल तर डिझेलच्या नादी लागण्यात अर्थ नाही. जुन्या पंपांवर डिझेल बंद करणारा सोलेनॉइड असतो आणि त्यातल्या काही प्रकारांत दोन वेटोळी असतात. एक जोर लावून दांडा ओढतं, सेल्फ फिरत असेपर्यंतच. दुसरं थोड्या करंटवर तो दांडा धरून ठेवतं. दुसऱ्याची वायर तुटली की सेल्फवर इंजिन झकास सुरू होतं आणि हात काढला की संपलं. अशा गाडीचा पंप उतरवून कॅलिब्रेशनला पाठवणारे महाभागही आहेत.

दहा सेकंद ते मिनिटभर चालून बंद पडलं, तर मात्र मिस्त्रीची ‘एअर’ खरी. टाकी खाली, इंजिन वर. मधल्या पाइपातून फीड पंप डिझेल ओढतो, म्हणजे पाइपातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी करतो. तडा गेलेल्या नळीनं सरबत प्यायला गेलं तर तोंडात निम्मी हवाच येते. इथेही एखादं तांब्याचं वॉशर चपटं झालं, रबरी पाइप चिरला, की तेच होतं. आणि गंमत अशी की बाहेर थेंबही गळत नाही. गळती आतल्या दिशेनं, डिझेलची नव्हे, हवेची. कोरडाठाक जॉइंट पाहून माणूस तिथे संशयच घेत नाही. रात्रभरात त्याच फटीतून हवा शिरते आणि पाइपातलं डिझेल उतरून टाकीत परत जातं. फिल्टर आणि पंपात जे उरतं, त्यावर सकाळी इंजिन सुरू होतं.

पण फिल्टरमध्ये लिटरभर डिझेल असताना ते मिनिटभरही का पुरू नये? सहा सिलिंडरचं इंजिन 600 फेऱ्यांच्या आयडलिंगला मिनिटाला 1,800 वेळा डिझेल फवारतं, दर वेळी साधारण 20 घन मिलिमीटर. म्हणजे एका थेंबाचा निम्मासुद्धा भाग नाही. या हिशेबानं लिटरभर डिझेल पंचवीस-तीस मिनिटं चालायला हवं. मात्र फीड पंप जळतं त्याच्या कितीतरी पट डिझेल फिरवतो. उरलेलं रिटर्न पाइपानं टाकीत जातं. साठा जळून नव्हे, फिरून संपतो, आणि त्याच्यामागून बुडबुडे येतात.

बुडबुडा पंपात पोचला की काय होतं? जुन्या इंजिनांत नोजलची सुई उचलायला 200 बारच्या आसपास दाब लागतो. एवढ्या दाबाला डिझेल आकसतं जेमतेम सव्वा टक्का. हवा मात्र दोनशेव्या हिश्श्याइतकी होऊन बसते. पंपाचा प्लंजर इमानेइतबारे वर जातो, हवा दबते; तो खाली येतो, हवा पुन्हा फुगते. नोजलची सुई जागची हलत नाही.

यात इतिहासाचा एक विनोद दडलाय. रुडॉल्फ डिझेल यांचं जे इंजिन 1897 साली ऑग्सबुर्गला तपासलं गेलं आणि ज्यानं 26 टक्के कार्यक्षमता दाखवून त्या काळच्या इंजिनांना मागे टाकलं, ते इंधन फवारायलाच हवा वापरायचं! दाबलेल्या हवेच्या झोतानं तेल सिलिंडरमध्ये ढकललं जाई. त्यासाठी लागणारा कॉम्प्रेसर एवढा अवजड की ते इंजिन कारखाने आणि जहाजांतच अडकून पडलं. डिझेल 1913 साली इंग्लंडला जाताना बोटीवरून नाहीसे झाले, तोवर त्यांचं इंजिन ट्रकमध्ये रुळलेलं नव्हतं.

तिथवर ते नेण्याचं बरंचसं श्रेय ज्यांना जातं, ते प्रॉस्पर लॉरान्ज हे नाव मात्र इंजिनिअरिंगची मुलंही क्वचितच ऐकतात. जन्म 1876, बैरूतचा; नोकरी मानहाइमच्या बेन्झ कंपनीत. मुख्य सिलिंडरआधी एक छोटी कोठी ठेवून इंधन तिथे पेटवायची त्यांची कल्पना 1909 मधली. त्यामुळे हवेच्या झोताशिवाय, निव्वळ द्रवाच्या दाबावर भागू लागलं. 1923 मध्ये बेन्झचा 5 टनी डिझेल ट्रक तयार झाला, आणि 1927 पासून रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातून इंजेक्शन पंप मोठ्या संख्येनं बाहेर पडू लागले. हवेची हकालपट्टी झाली म्हणून डिझेल इंजिन रस्त्यावर आलं. हाकललेली हवा तेव्हापासून सूड उगवते आहे, असं म्हणायला हरकत नाही. महाराष्ट्रात तर तिच्याशी सामना ट्रकवाल्यांपुरता कधीच नव्हता. विहिरीवरच्या किर्लोस्कर इंजिनाची हवा काढणं हा गावोगावच्या शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलेला प्रकार.

सगळाच दोष हवेचा नसतो, हेही खरं. चालून चालून चढावर दम टाकणाऱ्या ट्रकच्या टाकीत कधी प्लॅस्टिकचा तुकडा तरंगत असतो. ओढ लागली की तो टाकीतल्या पिकअप पाइपाच्या जाळीला चिकटतो, इंजिन बंद पडलं की सुटून पडतो. दहा मिनिटांनी ट्रक शहाण्यासारखा सुरू होतो आणि मालक बुचकळ्यात. टाकीच्या झाकणाचं श्वासछिद्र बुजलं तरी लक्षणं तीच. लडाखमध्ये गुन्हेगार वेगळा: थंडीनं डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर बुजवतं. इंडियन ऑइलनं 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल तिथे आणलं ते याचसाठी.

आता प्रदूषणाच्या बीएस-6 मानकांची इंजिनं आली, प्रत्येक गॅरेजात स्कॅनर आला, आणि ‘गाडी स्वतःच आपला आजार सांगते’ ही जाहिरातीची भाषाही आली. सांगते ती एवढंच: कॉमन रेलमधला, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांच्या सामायिक नळीतला, दाब कमी आहे. वॉशर बसलंय, फिल्टर तुंबलाय की पंप झिजलाय, हे त्या कोडमध्ये नसतं. तरी तेवढ्यावर महागडे इंजेक्टर बदलले जातात. त्याआधी फिल्टरच्या अलीकडे हातभर पारदर्शक पाइप जोडून बघावा. बुडबुडे दिसले तर गळती त्याच्या मागे. मग टाकीचा पाइप पंपापासून सोडवून पंपाला दुसरा पाइप लावायचा आणि तो थेट डिझेलच्या कॅनमध्ये सोडायचा. इंजिन चालत राहिलं तर दोष टाकी ते पंप एवढ्या टप्प्यात सापडला.

जुन्या मिस्त्रींची एक सवय मात्र आता सोडायला हवी. चालू इंजिनात नोजलचा नट सैल करून कुठला सिलिंडर मारत नाही ते बघणं पूर्वी चालून जाई. कॉमन रेलमध्ये दाब 1,600 बारच्याही वर जातो. त्या झोतानं डिझेल कातडीखाली घुसलं तर वरून टाचणीएवढी जखम दिसते आणि गाठावं लागतं ऑपरेशन थिएटर. हवा काढायची ती फिल्टरवरच्या स्क्रूपाशी, हँडपंप मारून, इंजिन बंद ठेवून.