मैदानाबाहेरचा वस्ताद

'तालीम' हा शब्द तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत मात्र तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा. नाटकाच्या सरावालाही मराठीत तालीम म्हणतात. आपला 'उस्ताद' मराठीत आला, तो तालमीत जाऊन 'वस्ताद' झाला. कुस्ती सुरू झाली की वस्ताद आखाड्याच्या कडेला उभा राहतो. तो स्वतः लढत नाही. लढतो त्याचा पठ्ठा.

फुटबॉलच्या संघालाही असा वस्ताद असतो. त्याला प्रशिक्षक म्हणतात. सामना चालू असताना त्याला चेंडूला पाय लावता येत नाही. आखलेल्या रेषेच्या आत पाऊलही टाकता येत नाही. तरी संघ जिंकला की त्याचे कौतुक होते आणि संघ हरत राहिला की सर्वांत आधी त्याचीच नोकरी जाते. असे का? याचे उत्तर आपण एका खऱ्या सामन्यातून शोधू. हा सामना आपल्या उल्हासनगर-अंबरनाथपासून फार दूर, मिझोराम राज्यात झाला. पण जिंकणाऱ्या संघाचा वस्ताद आपल्या मुंबईचा होता, म्हणून मी तो निवडला आहे.

त्यांचे नाव खालिद जमील. त्यांचा जन्म २१ एप्रिल १९७७ रोजी कुवेतमध्ये झाला. आपल्याकडे कितीतरी घरांतले वडील, चाचा किंवा मामू आखाती देशांत नोकरीला असतात. जमील यांचे कुटुंबही तसेच तिकडे होते. १९९० साली इराकने कुवेतवर हल्ला केला. त्या युद्धाच्या काळात हे कुटुंब भारतात परतले. खालिद मुंबईत फुटबॉल खेळू लागले. महिंद्र युनायटेड आणि एअर इंडिया या मुंबईच्या नावाजलेल्या संघांकडून ते खेळले, भारताकडूनही खेळले. पण दुखापतींनी त्यांची पाठ सोडली नाही. ज्या वयात चांगला खेळाडू बहरतो, त्या वयात त्यांना पुष्कळ वेळ बाकावर बसून काढावा लागला. २००९ साली ते मुंबई एफसी या संघाचे प्रशिक्षक झाले, तेव्हा ते अवघे ३२ वर्षांचे होते. या संघाकडे पैसा फार नव्हता. जमील यांनी तो सात वर्षे सांभाळला. २०१६ साली त्यांना तिथून जावे लागले.

त्याच वर्षी मिझोरामचा आयझॉल फुटबॉल क्लब अडचणीत होता. आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेत तो नऊ संघांत आठवा आला आणि खालच्या विभागात घसरला. मे महिन्यात फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात कोलकात्याच्या मोहन बागानने त्याचा ५-० असा धुव्वा उडवला. पुढे गोव्याचे काही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. जागा रिकामी झाली म्हणून आयझॉलला पुन्हा आत घेतले. अशा संघाने जमील यांना बोलावले. नोकरी गेलेला प्रशिक्षक आणि घसरलेला संघ! कोणी पैज लावली असती, तर या जोडीवर नक्कीच लावली नसती.

आता लीग म्हणजे काय ते पाहू. मराठीत तिला साखळी स्पर्धा म्हणतात. एकदा हरले की घरी, असे इथे नसते. त्या वर्षी दहा संघ होते. प्रत्येक संघ इतर नऊ संघांशी दोनदा खेळे, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या. म्हणजे प्रत्येकाचे १८ सामने. जिंकल्यास तीन गुण, बरोबरी झाल्यास एक, हरल्यास शून्य. शेवटी ज्याचे गुण जास्त, तो विजेता. ही स्पर्धा चार महिने चालली. त्यात महाराष्ट्राचेही दोन संघ होते, मुंबई एफसी आणि पुण्याचा डीएसके शिवाजियन्स. हे दोन्ही संघ आज राहिलेले नाहीत.

१६ सामने झाले तेव्हा आयझॉल आणि मोहन बागान या दोघांचेही ३३ गुण होते. दोन-दोन सामने उरले होते, आणि सतरावा सामना याच दोघांमध्ये होता. तारीख होती शनिवार, २२ एप्रिल २०१७. आदल्याच दिवशी जमील यांना ४० वर्षे पूर्ण झाली होती. सामना आयझॉलच्या राजीव गांधी स्टेडियमवर होता.

मोहन बागान म्हणजे १८८९ साली स्थापन झालेला क्लब. १९११ साली त्याच्या खेळाडूंनी इंग्रज सैनिकांच्या संघाला हरवून आयएफए शील्ड जिंकली होती, आणि त्यांतले बहुतेक अनवाणी खेळले होते. त्यांच्यासमोर १९८४ साली जन्मलेला आयझॉल! बागानकडे तेव्हा जेजे लालपेखलुआ हा भारताचा नामवंत आघाडीवीर होता, आणि तो तर मिझोरामचाच मुलगा.

आपल्या मैदानावर खेळण्याचा फायदा काय असतो? बदलापूरच्या मुलांनी कधी मुंबईला जाऊन सामना खेळला असेल, तर त्यांना हे सांगायला नको. सकाळी उठून लोकल पकडायची, गर्दीत उभे राहायचे, आणि मैदानावर पोहोचेपर्यंत अर्धा दम गेलेला. यजमान संघाला हा त्रास नसतो. शिवाय मैदानाची नस त्याला ठाऊक असते. आयझॉल समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर, डोंगरावर वसलेले आहे. तिथले मैदान कृत्रिम गवताचे आहे. अशा गवतावर चेंडू जास्त वेगाने घरंगळतो आणि त्याची उसळीही वेगळी असते. रोज तिथे सराव करणाऱ्याला त्याची सवय असते. आणि प्रेक्षक तर सगळे आपलेच! पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. प्रेक्षकांचा आवाज दुधारी असतो. वेळ जाऊ लागला आणि गोल होईना, की तोच आवाज खेळाडूंना उतावीळ करतो. उतावीळ संघ सगळाच्या सगळा पुढे धावतो, मागे जागा मोकळी पडते आणि तिथेच घात होतो.

इथे प्रशिक्षकाचे काम दिसते. जमील यांच्या संघांची खूण अशी की, ते आधी आपले घर राखतात. बचावपटू आणि मधली फळी एकमेकांजवळ राहतात, मध्ये भगदाड पडू देत नाहीत. चेंडू हाती लागला की मग चटकन पुढे जायचे. बघायला हा खेळ फार देखणा नसतो, आणि त्यावर टीकाही होते. मला विचाराल तर कमी पैशांच्या संघाला हाच मार्ग शहाणपणाचा आहे. त्या वर्षी आयझॉलने बरेच विजय एकेका गोलच्या फरकानेच मिळवले.

या २२ एप्रिलच्या सामन्यातही तसेच झाले. बराच वेळ ०-० असा फलक राहिला. सामना संपायला दहा मिनिटांहूनही कमी वेळ उरला असताना झोमिंगलियाना राल्टे याने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला. राल्टे हा आघाडीवीर नव्हे, तर बचावपटू! बचावपटू पुढे जाऊन गोल करतो, तेव्हा त्याच्यामागे एक शिकवण असते. तो पुढे गेला, तर त्याची जागा कोण घेणार? प्रतिस्पर्ध्याने चेंडू लांब मारला, तर पहिला कोण धावणार? ही उत्तरे प्रत्येकाला आधीच पाठ असावी लागतात. ती सामन्यात शोधायला वेळ नसतो. सराव करायचा तो यासाठीच. आयझॉलने हा सामना १-० असा जिंकला.

आता वही काढा आणि हिशेब करा. या विजयाने आयझॉलचे ३६ गुण झाले आणि बागानचे ३३ च राहिले. ३० एप्रिलला शेवटचे सामने झाले. बागानने आपला सामना जिंकला, म्हणजे त्यांचे ३६. आयझॉलचा सामना शिलाँग लाजाँगशी, त्यांच्याच शहरात होता. सुरुवातीलाच शिलाँगने गोल केला. दुसऱ्या डावात विल्यम लालनुनफेला याने बरोबरी साधली. १-१. एक गुण मिळाला, एकूण ३७. आयझॉल विजेता! ईशान्य भारतातल्या संघाने ही स्पर्धा जिंकण्याची ती पहिलीच वेळ. आता समजा, २२ एप्रिलला तो गोल झाला नसता आणि पुढचे निकाल असेच लागले असते. मग बागानचे ३७ आणि आयझॉलचे ३५ गुण झाले असते. करून पाहा. आणि त्याच वर्षी जमील यांचा जुना संघ, मुंबई एफसी, तक्त्यात सर्वांत शेवटी आला.

आणखी एक गोष्ट तुमच्यासाठी मुद्दाम सांगतो, कारण तुम्ही घरी एक आणि शाळेच्या तासाला दुसरी भाषा बोलता. आयझॉलच्या संघात मिझो मुले होती. गोलरक्षक आल्बिनो गोम्स गोव्याचा होता. मधल्या फळीत सीरियाचा महमूद अल अमना आणि लायबेरियाचा आल्फ्रेड जारियन होता. आशुतोष मेहता आणि जयेश राणे हे दोघे मुंबई एफसीत जमील यांच्या हाताखाली खेळलेले होते. अशा संघापुढे लांबलचक भाषण काय कामाचे? प्रत्येकाला त्याचे काम दोन-चार शब्दांत कळले पाहिजे, आणि पुढचे पायांनी शिकले पाहिजे.

त्यासाठी रिंगणाचा एक सोपा सराव असतो. तो तुम्ही शाळेच्या मैदानातही करू शकता. सहा मुलांनी गोल उभे राहायचे, दोघांनी आत. बाहेरच्यांनी चेंडू एकमेकांना द्यायचा, पण प्रत्येकाने तो एकदाच शिवायचा. आतल्यांनी तो हिसकावायचा. ज्याची चूक होईल तो आत जाईल. पाच मिनिटांत कळते की, चेंडू आपल्याकडे यायच्या आधीच तो कोणाला द्यायचा हे ठरवावे लागते. आपल्याकडे मैदाने क्रिकेटच्या मुलांनी भरलेली असतात, हे मला माहीत आहे. पण रिंगणाला एक कोपरा पुरतो.

सामन्याच्या दिवशी प्रशिक्षकाच्या हाती फारच थोडे उरते. मध्यंतरात पंधरा मिनिटे बोलता येते, आणि खेळाडू बदलता येतात. २०१७ साली तीनच बदल करता येत. आता पाच करता येतात. बाकी सगळे त्या आधीच्या सकाळी झालेले असते.

जमील यांनी पुढे कोलकात्याच्या ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या दोन्ही संघांना शिकवले. इंडियन सुपर लीगमध्ये त्यांनी आधी नॉर्थईस्ट युनायटेड आणि नंतर जमशेदपूर हे संघ सांभाळले. ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. १३ वर्षांनंतर ही जागा भारतीय माणसाला मिळाली. पुढच्याच महिन्यात मध्य आशियातल्या स्पर्धेत भारताने ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरा क्रमांक मिळवला. मग १४ ऑक्टोबरला गोव्यात, आपल्याच मैदानावर, सिंगापूरशी गाठ पडली. पहिला गोल भारताने केला. तो मारला मिझोरामच्या लालियानझुआला छांगटे याने. त्यानंतर सिंगापूरने दोन गोल केले. भारत १-२ असा हरला आणि २०२७ च्या आशिया कपची वाट बंद झाली.