नाताळच्या आधी मनाची साफसफाई 🕯️

नाताळ म्हटलं की केक, तारे आणि गोठा आठवतो. पण त्याआधीचे चार रविवार आगमनकाळाचे, म्हणजे तयारीचे. या दिवसांत कॅथलिक चर्चमध्ये धर्मगुरूंची वस्त्रं जांभळी असतात, रविवारच्या मिस्सेत ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत गात नाहीत. फक्त तिसऱ्या रविवारी गुलाबी रंग चालतो, कारण तो आनंदाचा रविवार!

याच काळात अनेकजण पापनिवेदन करतात. त्याच्या तयारीला संत इग्नेशियस लोयोला यांची आत्मपरीक्षणाची पद्धत फार उपयोगी पडते. १५४८ साली छापलेल्या त्यांच्या ‘स्पिरिच्युअल एक्सरसाइझेस’मध्ये ती आहे. पायऱ्या पाचच:

१. मिळालेल्या गोष्टींबद्दल देवाचे आभार
२. आपल्या चुका दिसाव्यात म्हणून प्रार्थना
३. सकाळपासूनचे विचार, बोलणं, वागणं तपासणं
४. क्षमा मागणं
५. सुधारण्याचा निश्चय

गंमत बघा, आभार आधी आणि झाडाझडती नंतर! वेळेवर मिळालेली लोकल, शेजारणीने आणून दिलेली भाजी, सगळं आधी मोजायचं. मग स्वतःकडे बघताना कुढणं कमी होतं, प्रामाणिकपणा वाढतो.

झोपण्याआधीची दहा-पंधरा मिनिटं पुरतात. आज रात्री निदान पहिली पायरी तरी करून बघा.

#आगमनकाळ #नाताळ #कृतज्ञता