खोडरबर नसलेली वही

टेबलात ओळी मोजक्याच. नवी ओळ कुणी घालत नाही, जुनी कुणी काढत नाही. तरीही महिन्याभरात ते टेबल फुगतं, डिस्कवरची जागा खात सुटतं, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर देणारी क्वेरी रेंगाळायला लागते. रिलेशनल डेटाबेसचा सर्व्हर सांभाळणाऱ्याला हे कोडं कधी ना कधी पडतंच. ते सोडवायला बसलं की सर्व्हरच्या पोटातली जी व्यवस्था नजरेस पडते, तिच्याइतकी देखणी व्यवस्था मी संगणकाच्या जगात दुसरी पाहिलेली नाही.

उदाहरणाला पापनाशम् घेऊ. तंजावर आणि कुंभकोणम् यांच्या दरम्यान, रेल्वेमार्गावरचं हे गाव. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातलं, एके काळी तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यातलं. नजर जाईल तिथवर भाताची खाचरं. कुरुवै आणि सांबा हंगामांची कापणी झाली की शेतकरी सरकारी थेट खरेदी केंद्रांवर पोती आणतात. समजा, तालुक्यातल्या अशा केंद्रांचा हिशेब पोस्टग्रेस या रिलेशनल डेटाबेसच्या एका सर्व्हरवर आहे. प्रत्येक केंद्राची एक ओळ, तिच्यात केंद्राचं नाव आणि शिल्लक पोती. पापनाशम्, ४००. काट्यावर आणखी एक पोतं चढलं आणि ४०० चे ४०१ झाले.

आपल्याला वाटतं, ४०० पुसून तिथं ४०१ लिहिलं गेलं. पुसलं काहीच जात नाही. ४०० ची ओळ जागच्या जागी राहते आणि ४०१ ची अख्खी नवी ओळ दुसरीकडे लिहिली जाते. हे डोळ्यांनी पाहता येतं. पोस्टग्रेसच्या प्रत्येक ओळीला काही छुपे रकाने असतात, नाव घेऊन मागितले तरच दिसणारे. त्यांतला ‘सीटीआयडी’ म्हणजे ओळीचा पत्ता: कितवं पान आणि त्या पानावरची कितवी जागा. नव्या टेबलात पहिली ओळ घाला, पत्ता येतो (०,१). पोत्यांचा आकडा बदलून पुन्हा विचारा, (०,२). आणखी एकदा बदला, (०,३). आपल्या लेखी ओळ तीच, पण दर बदलाला तिचा पत्ता नवा. ‘एक्समिन’ हा आणखी एक रकाना. ओळीची ही आवृत्ती कितव्या क्रमांकाच्या व्यवहारानं, म्हणजे ट्रान्झॅक्शननं, लिहिली ते तो सांगतो. आणि ‘एक्समॅक्स’मध्ये तिला मोडीत काढणाऱ्या व्यवहाराचा क्रमांक असतो.

हा खटाटोप कशासाठी? त्याच क्षणी तंजावरच्या कचेरीत कुणीतरी सगळ्या केंद्रांची बेरीज मागितलेली असू शकते. बेरीज चालू असताना आकडे बदलत राहिले, तर येणारं उत्तर कोणत्याच क्षणाचं खरं उत्तर नसेल. म्हणून सर्व्हर त्या माणसाला क्वेरी सुरू झाली त्या क्षणाचं चित्र दाखवतो. त्या चित्रात पापनाशम्चे ४०० आहेत. तिकडे काट्यावर ४०१, ४०२, ४०३ चालूच असतं. वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही आणि लिहिणारा वाचणाऱ्याला अडवत नाही. एकाच क्षणी, एकाच टेबलाच्या बाबतीत, दोन माणसांना दोन वेगवेगळी आणि तरीही पूर्णपणे खरी उत्तरं मिळतात. इतकी वर्षं हे काम करूनही मला याचं नवल वाटतं.

एडगर कॉडनं १९७० साली आयबीएममध्ये असताना रिलेशनल मॉडेल मांडलं, तेव्हा ओळी डिस्कवर कशा ठेवायच्या याची चिंता त्यानं मुद्दाम बाजूला ठेवली होती. न पुसण्याचा हा मार्ग पोस्टग्रेसनं धरला. १९८६ साली बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकरच्या गटानं हा प्रकल्प सुरू केला, तेव्हा जुनी आवृत्ती जपून ठेवायची आणि डेटाबेसला त्याचा भूतकाळही विचारता यावा, अशी कल्पना होती. भूतकाळ विचारण्याची सोय पुढे काढून टाकली गेली, पण न पुसण्याची सवय टिकली. १९९९ च्या ६.५ आवृत्तीपासून तिच्याच जोरावर अनेकांना एकाच वेळी काम करता येऊ लागलं. ओरॅकल आणि मायएसक्यूएल उलट करतात, नवा आकडा जागेवर लिहून जुना बाजूच्या वेगळ्या साठ्यात टाकतात. पण जुना आकडा त्यांनाही ठेवावाच लागतो, त्यामुळे दुखणं तेच, फक्त जागा वेगळी.

आता टेबल का फुगलं ते उघड आहे. दिवसाला हजार पोती आली तर एका ओळीच्या हजार मेलेल्या आवृत्त्या मागे राहतात. आठ किलोबाइटच्या एका पानावर अशा शंभरेक मावतात. त्या आवरायला ‘ऑटोव्हॅक्यूम’ नावाची प्रक्रिया पाठीमागे फिरत असते. टेबलातल्या साधारण वीस टक्के ओळी आणि वर पन्नास, इतक्या आवृत्त्या मेल्या की ती कामाला लागते. मात्र ती चालून गेल्यावरही फाइलचा आकार बहुधा तेवढाच राहतो, आणि नवखा प्रशासक गोंधळतो. पापनाशम्मध्येच, तिरुप्पालैत्तुरैच्या पालैवननाथर मंदिरात, नायकांच्या काळातलं विटांचं एक प्रचंड कोठार आहे, खाली गोल आणि वर निमुळतं. त्यातलं भात काढलं म्हणून त्याच्या भिंती आत सरकत नाहीत. मोकळी जागा पुढच्या हंगामाच्या उपयोगी पडते. व्हॅक्यूम नेमकं तेवढंच करतं. भिंतीच आत घ्यायच्या असतील तर ‘व्हॅक्यूम फुल’ आहे, पण ते सगळं टेबल नव्यानं दुसरीकडे लिहितं, तोवर त्या टेबलाला कुणालाही हात लावू देत नाही, आणि दुसऱ्या प्रतीला जागा मागतं. डिस्क भरली म्हणून ते चालवायला जावं, तर चालायला डिस्कच नाही.

इथं एका भारतीय अभियंत्याचं नाव घ्यायला हवं. फेब्रुवारी २००८ मध्ये आलेल्या ८.३ आवृत्तीच्या नोंदींमध्ये ‘हीप ओन्ली टपल्स’ या सुधारणेपुढे पवन देवलसी हे नाव आहे. तोवर अडचण अशी होती की ओळीचा पत्ता बदलला की तिच्याकडे बोट दाखवणाऱ्या प्रत्येक इंडेक्समध्ये नवी नोंद करावी लागे. बदलले फक्त पोत्यांचे आकडे, तरी केंद्राच्या नावाचा इंडेक्ससुद्धा फुगायचा. नव्या पद्धतीत, इंडेक्समधला कोणताही रकाना बदललेला नसेल आणि त्याच पानावर जागा असेल, तर इंडेक्सला हातच लावत नाहीत. इंडेक्स जुन्या जागेकडेच बोट दाखवतो, तिथून पुढे साखळी धरून नवी आवृत्ती सापडते. आणि पान भरत आलं की साधं वाचायला आलेली क्वेरीसुद्धा जाता जाता त्या पानावरच्या मेलेल्या आवृत्त्या झाडून जाते. म्हणून अशा टेबलाच्या पानांवर मुद्दाम थोडी जागा मोकळी ठेवायची पद्धत आहे. जगभर किती डिस्क आणि किती रात्री या एका युक्तीनं वाचवल्या असतील!

आता खरा अवघड रोगी. व्हॅक्यूम चालतंय, तरी मेलेल्या ओळी हलत नाहीत. सविस्तर अहवाल मागितला तर तो सांगतो: इतक्या आवृत्त्या मेल्या आहेत, पण अजून काढता येत नाहीत. का येत नाहीत? कारण त्या पाहण्याचा हक्क असलेलं कुणीतरी अजून जागं आहे. ‘पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी’ उघडायचं, व्यवहार सुरू झाल्याच्या वेळेनुसार लावायचं, आणि सगळ्यांत वर पाहायचं. बहुतेक वेळा तिथं एक सेशन सापडतं, स्थिती ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’. सकाळी नऊला कुणीतरी व्यवहार उघडला, एका ओळीत काहीतरी बदललं, आणि कमिट न करता, म्हणजे व्यवहार पक्का न करता, खिडकी तशीच ठेवून दिली. काही चालू नाही, प्रोसेसरवर कसलाही भार नाही. तरीही तो व्यवहार मिटेपर्यंत, नऊनंतर मेलेली एकही आवृत्ती त्या डेटाबेसच्या कुठल्याच टेबलातून काढता येत नाही. ज्या टेबलांना त्यानं कधी स्पर्शही केला नाही, त्यांतूनसुद्धा! त्यांतलं जुनं काही तो पुढच्या क्षणी मागणारच नाही, असं सर्व्हरला ठरवता येत नाही, आणि दिलेला शब्द तो मोडत नाही.

त्याच सेशनच्या हातात टेबलाचं एक हलकं कुलूपही असतं. रोजच्या कामाला त्याचा अडथळा नाही. पण अकराच्या सुमारास कुणी त्या टेबलात नवा रकाना घालायला गेलं, की त्याला संपूर्ण टेबलाचं कुलूप हवं असतं, म्हणून ते थांबून राहतं. आणि त्याच्यामागून आलेली प्रत्येक क्वेरी, नुसती वाचणारीसुद्धा, त्याच्यामागे रांगेत उभी राहते. लोकांना उत्तर मिळत नाही, ते पुन्हा बटण दाबतात, प्रत्येक दाबण्याला नवं कनेक्शन उघडतं. मूळ मर्यादा शंभराची आहे. ती संपली की सर्व्हर ‘सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी’ म्हणून दार लावून घेतो. शंभरातल्या तीन जागा मात्र प्रशासकासाठी राखीव असतात, म्हणून निदान आत शिरून पाहता तरी येतं.

बाहेरून दिसतात चार दुखणी: भरलेली डिस्क, निकामी व्हॅक्यूम, गोठलेलं टेबल, संपलेली कनेक्शनं. घाईत प्रत्येकावर वेगळा इलाज होतो, आणि कनेक्शनची मर्यादा पाचशे करणं हा त्यांतला सगळ्यांत वाईट. प्रत्येक कनेक्शन ही पोस्टग्रेसमध्ये स्वतंत्र प्रक्रिया असते, त्यामुळे आजारी सर्व्हरवर आणखी ओझं पडतं. ‘पीजी_ब्लॉकिंग_पिड्स’ला विचारत रांगेच्या तोंडाशी जायचं, ते एक सेशन बंद करायचं, आणि चारही दुखण्यांचं मूळ जातं. साचलेल्या मेलेल्या ओळी व्हॅक्यूमच्या पुढच्या फेरीत जातात. २०१६ च्या ९.६ आवृत्तीपासून अशा रिकाम्या सेशनला कालमर्यादा घालता येते. ती घालून ठेवावी असं माझं ठाम मत आहे.

डेडलॉकची भीती त्या मानानं उगाच घेतली जाते. एक व्यवहार पापनाशम्ची पोती कुंभकोणम्ला वळवतोय, दुसरा कुंभकोणम्ची पापनाशम्ला. दोघांनी आपापली पहिली ओळ धरली आणि दुसरीसाठी थांबले. एक सेकंद वाट पाहून सर्व्हर स्वतःच कोण कुणासाठी थांबलंय ते तपासतो, वर्तुळ सापडलं की एकाला रद्द करतो. दोघांनी ओळी एकाच क्रमानं धरल्या तर प्रसंगच येत नाही.

डिस्क भरण्याचं आणखी एक कारण ‘वॉल’, म्हणजे ‘राइट-अहेड लॉग’. कोणताही बदल टेबलाच्या फाइलपर्यंत पोहोचण्याआधी या नोंदीत उतरतो, म्हणून वीज गेली तरी कमिट झालेलं काही हरवत नाही. दुसऱ्या सर्व्हरला प्रत पुरवण्यासाठी ठेवलेला एखादा स्लॉट बेवारस राहिला, तर त्याच्यासाठी या फाइली साचत जातात. इलाज म्हणजे तो स्लॉट काढणं. या फाइली ज्यात राहतात त्या फोल्डरचं नाव पूर्वी ‘पीजी_एक्सलॉग’ होतं आणि त्याच्या भावंडाचं ‘पीजी_सीलॉग’. ‘लॉग’ दिसलं की जागा करायला लोक ते उडवायचे, आणि डेटाबेस उठायचाच नाही. शेवटी २०१७ च्या दहाव्या आवृत्तीत दोन्ही नावं बदलली, ‘पीजी_वॉल’ आणि ‘पीजी_एक्सॅक्ट’. माणसांच्या हातून होणाऱ्या घाताला आळा म्हणून फोल्डरचं बारसं पुन्हा करणाऱ्यांबद्दल मला आदर वाटतो.

राहिला व्यवहारांचा क्रमांक. तो ३२ बिटांचा, म्हणजे सुमारे ४२९ कोटी क्रमांक, आणि ते वर्तुळात फिरतात. कोणत्याही क्रमांकावर उभं राहिलं तर अर्धं वर्तुळ भूतकाळ, अर्धं भविष्यकाळ. एखादी ओळ फार जुनी झाली आणि मध्ये दोनशे कोटींहून जास्त व्यवहार होऊन गेले, तर ती भविष्यातली ठरेल आणि दिसेनाशी होईल. तसं होऊ नये म्हणून सर्व्हर आधी इशारे देतो आणि शेवटी नवं लेखन घेणंच थांबवतो. २०१५ मध्ये सेंट्री या सेवेवर आणि २०१९ मध्ये मेलचिंपच्या मँड्रिल या ईमेल सेवेवर ही पाळी आली होती. यावरचा उपाय ‘फ्रीझ’. व्हॅक्यूम जुन्या ओळींवर शिक्का मारतं की ही सर्वांसाठी कायमची भूतकाळातली. सुरुवातीला हा शिक्का म्हणजे ओळीच्या मूळ व्यवहार क्रमांकावर सरळ २ हा आकडा लिहिणं होतं. २०१४ च्या ९.४ आवृत्तीपासून मूळ क्रमांक तसाच ठेवतात आणि शेजारी फक्त एक खूण करतात. त्यामुळे पापनाशम्ची एखादी ओळ वर्षानुवर्षांनी बिघडलेली सापडली, तरी ‘एक्समिन’ विचारायचं. ती कितव्या व्यवहारानं लिहिली होती ते अजून तिथं असतं.