मुंबईचे नाचघर आणि आपली वरात

नांदेडला किंवा लातूरला बँड लावून वरात निघाली, की ‘अलबेला’तील एखादी चाल हमखास वाजते आणि म्हातारेकोतारेही पाय हलवू लागतात. ही चाल आपल्यापर्यंत आली त्या वाटेवर मुंबईच्या ताजमहाल हॉटेलातील नाचघर लागते, हे ऐकून श्रोत्यांस नवल वाटेल.

१९३५ साली लिऑन ॲबे हा कृष्णवर्णीय अमेरिकन वादक आपला ताफा घेऊन ताजमध्ये आला. पुढे पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला. त्यांचे संगीत जॅझ. आपला गवई बंदिश धरून आयत्या वेळी ताना घेतो, तसा जॅझवादक एक चाल धरून तिच्यात मनाची भर घालतो. त्यावर साहेबलोक आणि संस्थानिक नाचत. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्या दाराशी आपले काय काम?

परंतु गोव्याच्या वादकांनी ही विद्या उचलली. चर्चच्या शाळांतून त्यांना पाश्चात्य स्वरलेखन येतच होते. आल्दोन्याचे आंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रम्पेटवादक म्हणून गाजले आणि ताजमध्ये त्यांचा स्वतःचा ताफा वाजू लागला.

मग दिवस पालटले. १९४७ साली इंग्रज गेले, पाठोपाठ संस्थाने गेली, आणि १९४९ च्या कायद्याने दारूबंदी आली. गिऱ्हाईक आणि पेला, दोन्ही गेल्यावर नाचघराची रात्र ओसरली. चर्चगेटच्या हॉटेलांत जॅझ आणखी काही वर्षे तगला, इतकेच.

वादक बोलपटांकडे वळले. संगीत दिग्दर्शक चाल गाऊन दाखवी. पण मोठ्या वाद्यमेळाने एकदम वाजवायचे, तर प्रत्येकापुढे लिहिलेला कागद हवा. तो कागद गोवेकरांनी लिहिला. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी १९५१ च्या ‘अलबेला’त चिक चॉकलेट यांना हाताशी घेतले, आणि त्या वाद्यांवर भगवान पालव यांची ती सोपी पावले पडली. कोणालाही जमावीत अशीच ती होती; म्हणून ती वरातीत उतरली.

पडद्यावर मात्र नाव दिग्दर्शकाचे. वाद्यमेळ लिहिणारा ‘सहायक’ म्हणून झळके. पुष्कळदा तेवढेही नाही. चिक चॉकलेट १९६७ साली वारले.

नाचघर गेले याची हळहळ आम्हांस नाही. ते आपले कधीच नव्हते. त्यातील विद्या मात्र आपली झाली. ज्यांनी ती आपल्या दारी आणली, त्यांची नावे तरी ठाऊक असावीत, एवढे ऋण आपल्याकडे निघते.