परत येणारा आवाज

कुंभाराकडून माठ घेताना चतुर गृहिणी तो प्रथम वाजवून पाहते. बोटाच्या पेराने टिचकी मारल्यावर माठ खणखणीत बोलला तर तो घ्यावयाचा. बद्द बोलला, तर कोठेतरी बारीक चीर आहे असे समजून बाजूस ठेवावयाचा. ती चीर डोळ्यांस दिसत नाही, हातास लागत नाही. पण कानास कळते. व्हिएन्ना येथील आउएनब्रुगर नावाच्या वैद्याने १७६१ साली हीच युक्ती मनुष्याच्या छातीवर लागू केली. तो खाणावळवाल्याचा मुलगा होता. पिंपावर बोटे मारून आतील पातळी ओळखण्याची रीत त्या धंद्यात नवी नव्हती. छातीवर बोटांनी ठोकून आत पाणी साठले आहे की काय हे ओळखता येते, असे त्याने दाखवून दिले. आज सोनोग्राफी या नावाने घरोघरी माहीत झालेली तपासणी ही ह्या टिचकीचीच पुढची पायरी होय. ती कशी, हे समजण्यासाठी प्रथम ध्वनी म्हणजे काय आणि कान तो कसा घेतो, हे पाहिले पाहिजे.

धाराशिव जिल्ह्यातील तामलवाडी हे गाव सोलापुराहून तुळजापुरास जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. अश्विनी पौर्णिमेच्या सुमारास ह्या वाटेने भवानीच्या दर्शनास पायी निघालेल्या भाविकांची रीघ लागते. रात्रीच्या निवांत वेळी संबळाचा नाद दुरून ऐकू येतो. संबळावर काठी पडली, कातडे थरारले, हे खरे. पण तेथून कानापर्यंत आले ते काय? तेथील हवा काही कानापर्यंत चालत येत नाही. ह्याचे उत्तर दर्शनाच्या रांगेतच सापडते. रांगेत मागच्याने पुढच्यास धक्का दिला, की तो त्याच्या पुढच्यास देतो आणि स्वतः मागे सावरतो. धक्का देवळाच्या दारापर्यंत पोहोचतो. माणूस मात्र आपल्या जागीच राहतो. हवेचे कणही असेच जागच्या जागी पुढेमागे हलतात, आणि त्यांचा धक्का लहरीच्या रूपाने पुढे जातो. ह्या लहरीसच ध्वनी म्हणतात.

तिचा वेग आपल्या हवेत सेकंदास सुमारे ३४० मीटर असतो. म्हणून दूर माळावर दगड फोडणाऱ्याचा घण पडलेला आधी दिसतो व ठोका मागून ऐकू येतो. एका सेकंदात कण किती वेळा हलले ह्या संख्येस कंपनसंख्या म्हणतात. ती थोडी असेल तर आवाज खर्जाचा, पुष्कळ असेल तर उंच. सेकंदास सुमारे २० कंपनांपासून २०,००० कंपनांपर्यंतचाच आवाज तरुण, निरोगी मनुष्याच्या कानास लागतो. त्या पलीकडे ध्वनी नाही असे नव्हे. आपला कान तेथे संपतो, एवढेच.

हाच हमरस्ता सोलापूर ओलांडून दक्षिणेस विजापुरास जातो. तेथे १६५६ साली पूर्ण झालेला महंमद आदिलशहाचा गोल घुमट आहे. घुमटाच्या आतील सज्जावर उभे राहून भिंतीशी कुजबुजले, तर समोरच्या बाजूस, म्हणजे सुमारे ३८ मीटरांवर, उभ्या असलेल्या मनुष्यास ते शब्द स्पष्ट ऐकू येतात. आणि टाळी वाजवली, तर ती पुनःपुन्हा परत येते. कुजबूज वाकड्या भिंतीला बिलगून कशी सरकत जाते ह्याविषयी चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२२ साली लेख प्रसिद्ध केला होता. टाळीचे कारण सोपे आहे. ध्वनिलहर भिंतीवर आपटली की चेंडूसारखी परत फिरते. ती एकदशांश सेकंदानंतर आली तरच आपणांस निराळी कळते. म्हणून प्रतिध्वनी ऐकण्यास भिंत निदान १७ मीटर दूर असावी लागते. जाण्यास १७ आणि येण्यास १७, मिळून ३४ मीटर. आणि तेवढ्यास लागतो बरोबर एकदशांश सेकंद. ह्यावरून एक महत्त्वाची गोष्ट हाती येते. आवाज परत येण्यास लागलेला वेळ मोजला, तर भिंत किती दूर आहे हे डोळे मिटूनही सांगता येते.

आता कानाकडे वळू. विहिरीत सूर मारलेल्या मुलास काठावरून कितीही हाका मारल्या तरी त्यास त्या नीट ऐकू जात नाहीत. हवेतून आलेला ध्वनी पाण्याच्या पृष्ठभागावरूनच परत फिरतो. हजारात जेमतेम एखादा भाग आत शिरतो. गंमत अशी की आपले खरे श्रवणेंद्रियही पाण्यासारख्या द्रवानेच भरलेले आहे. मग हवेतील आवाज त्यात जातो कसा? कानाच्या पडद्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब अशा तीन चिमुकल्या हाडांची साखळी आहे. रिकीब तर शरीरातील सर्वांत लहान हाड; लांबी सुमारे ३ मिलिमीटर. पडदा मोठा आणि रिकिबीची बैठक लहान, त्यामुळे पडद्यावरील सर्व दाब लहानशा जागी एकवटतो आणि सुमारे वीसपट होतो. त्या जोराने ध्वनी द्रवात शिरतो.

पुढे शंखासारखी अडीच वेढ्यांची नळी आहे. तिच्यात सुमारे १५,००० सूक्ष्म केसाळ पेशी ओळीने बसल्या आहेत. नळीच्या तोंडापाशी असलेल्या पेशी उंच स्वर घेतात, टोकाकडील पेशी खर्जाचे. पेशीवरील केस वाकले की विजेचा संदेश मज्जातंतूवाटे मेंदूकडे जातो. हे यंत्र इतके नाजूक आहे की अगदी मंद आवाजाने पडदा अणूच्या व्यासापेक्षाही कमी हलला तरी ते ऐकणाऱ्यास कळते.

परंतु जे इतके नाजूक, ते बिघडण्यासही वेळ लागत नाही. पक्ष्यांच्या कानातील केसाळ पेशी नष्ट झाल्या तर पुन्हा उगवतात. मनुष्याच्या उगवत नाहीत. आवाजाची तीव्रता डेसिबलमध्ये मोजतात. हा हिशोब बेरजेचा नसून गुणाकाराचा आहे: दर १० डेसिबलांस ध्वनीची शक्ती दसपट होते. साधे संभाषण ६० डेसिबलांच्या आसपास असते. कारखान्यांसाठी पुष्कळ ठिकाणी मानलेला दंडक असा, की ८५ डेसिबलांचा आवाज दिवसास ८ तासांपलीकडे सोसू नये, आणि पुढे दर ३ डेसिबलांस ही मुदत निम्मी करावी. ह्या हिशोबाने १०० डेसिबलांस उरतात फक्त १५ मिनिटे. मिरवणुकीत कर्ण्यांच्या भिंतीपुढे रात्रभर नाचणाऱ्या तरुणांनी, आणि त्या गर्दीत तान्हे मूल कडेवर घेऊन उभ्या राहणाऱ्या आईबापांनी, हे गणित एकदा मांडून पाहावे.

ह्या हानीचा प्रारंभ बहुधा उंच स्वरांपासून होतो. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने उंच कंपनांची असतात. ती आधी हरपतात आणि स्वर मात्र ऐकू येत राहतात. म्हणूनच घरातील वृद्ध मनुष्य म्हणतो, “ऐकू येते, पण कळत नाही.” त्यास हट्टी म्हणणे अन्यायाचे आहे, आणि त्याच्यापुढे ओरडण्यानेही काम भागत नाही. समोर बसून, सावकाश व स्पष्ट बोलणे हाच त्यावर घरगुती उपाय.

कानासंबंधी एक नवल १९७८ साली लंडनमध्ये डेव्हिड केंप यांनी सिद्ध केले. कानात बारीक टकटक केली, तर क्षणार्धात कानच आतून अत्यंत मंद आवाज परत पाठवतो. केसाळ पेशी केवळ ऐकत नाहीत. त्या स्वतः हलून मंद ध्वनीस जोर देतात, आणि त्या हालचालीचा अंश बाहेर येतो. ह्या प्रतिध्वनीचा उपयोग मोठा आहे. हजार नवजात मुलांत एक ते तीन मुले जन्मतः कानाने अधू असतात. तान्हे मूल ‘मला ऐकू येत नाही’ असे कसे सांगणार? ते दीड-दोन वर्षांचे होऊनही बोलेना, तेव्हा घरची मंडळी चिंतेत पडतात; आणि तोवर भाषा शिकण्याचा बहुमोल काळ निघून जातो. केंप यांच्या शोधामुळे, मूल झोपेत असतानाच कानात लहानसे बोंडुक बसवून काही मिनिटांत परीक्षा घेता येते. प्रतिध्वनी आला नाही तर पुढील तपासणी करावयाची. कारण कधी कधी कानातील मळ वा द्रवही आड येतो. मज्जातंतूचा दोष मात्र ह्या परीक्षेत सुटू शकतो. त्यासाठी निराळी परीक्षा आहे. मूल सहा महिन्यांचे होण्यापूर्वी दोष ओळखून उपाय आरंभला, तर त्यास बोलावयास शिकण्याची चांगली संधी मिळते.

आता आपल्या कानापलीकडील ध्वनी. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्पालांझानी या इटालियन संशोधकास आढळले, की वटवाघळाचे डोळे गेले तरी ते अडथळे चुकवून उडते. कान बंद केले तर मात्र आपटते. ह्या कोड्याचा उलगडा १९३८ साली अमेरिकेत ग्रिफिन व पिअर्स यांनी केला. वटवाघूळ मनुष्यास ऐकू न येणारी किंकाळी फोडते आणि तिचा प्रतिध्वनी ऐकून वाट काढते. गोल घुमटात आपण जे मौजेने करतो, ते हा प्राणी पोटासाठी रोज रात्री करतो.

असा श्रवणातीत ध्वनी मनुष्यास उत्पन्न करता आला तो स्फटिकामुळे. क्युरी बंधूंनी १८८० साली दाखविले, की काही स्फटिक दाबले असता त्यांत वीज उत्पन्न होते. उलट, वीज दिली असता ते आकुंचन-प्रसरण पावतात, हेही लवकरच सिद्ध झाले. म्हणजे एकच स्फटिक तोंडही होतो आणि कानही. पहिल्या महायुद्धात लांजेव्हँ यांनी ह्या गुणाचा उपयोग पाण्याखालील पाणबुड्या शोधण्याकडे केला. पुढे कारखान्यांतून धातूच्या आतील चिरा शोधण्यासाठी अशी यंत्रे वापरू लागले. गृहिणीचा माठ आणि कारखान्याचे पोलाद, परीक्षा एकच! ग्लासगो येथील प्रसूतितज्ज्ञ इयान डोनाल्ड यांनी तेच यंत्र रोग्याच्या पोटास लावून पाहिले, आणि मॅकव्हिकर व ब्राऊन या सहकाऱ्यांसह १९५८ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. सोनोग्राफीचा पाया तेथे घातला गेला.

तामलवाडीची एखादी सून तपासणीसाठी सोलापुरास जाते तेव्हा काय घडते? डॉक्टर प्रथम तिच्या पोटावर थंड, बुळबुळीत मलम लावतात. ते औषध नव्हे. यंत्र आणि कातडी यांमध्ये हवेचा पातळसा थर राहिला, तरी ध्वनी तेथूनच परत फिरेल. विहिरीतील मुलाची तीच अडचण. कानात ती तीन हाडांनी दूर केली, येथे मलमाने. मग स्फटिक सेकंदास लक्षावधी कंपनांचा ध्वनी क्षणभर सोडतो आणि गप्प राहून ऐकतो. शरीरात ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे १,५४० मीटर. १० सेंटिमीटर खोलीवरून प्रतिध्वनी येण्यास सेकंदाच्या दशलक्ष भागांपैकी सुमारे १३० भाग लागतात. ह्या वेळांवरून यंत्र अंतरे काढते आणि ठिपक्याशेजारी ठिपका मांडून चित्र उभे करते. क्ष-किरणांसारखा दोष ह्या ध्वनीत नाही. तरीही तो वैद्यकीय कारणावाचून वापरू नये, हाच शिष्टसंमत नियम आहे. गर्भ किती आठवड्यांचा, एक की जुळे, वार कोठे आहे, हृदय व कणा नीट आहेत की नाहीत, हे सारे त्यामुळे वेळीच कळते. पूर्वी अनेक मातांचा जीव ज्या अज्ञानाने जाई, ते अज्ञान ह्या प्रतिध्वनीने दूर केले.

परंतु ह्याच चित्रात मुलगा की मुलगी हेही दिसते. आणि तेथे यंत्राचा दोष नसून पाहणाऱ्याच्या मनाचा आहे. मुलीचा गर्भ नष्ट करण्याचे पातक वाढले, म्हणून महाराष्ट्राने १९८८ साली देशात प्रथम ह्याविरुद्ध कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला आणि २००३ साली तो अधिक कडक करण्यात आला. तरीही शिरगणतीचे आकडे बोलके आहेत. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे मुली १९९१ साली ९४६ होत्या. २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४ राहिल्या. भवानीच्या दर्शनास अनवाणी चालत जाणाऱ्या ह्या मुलखाने तरी ही संख्या लक्षात ठेवावयास हवी. गर्भाचे लिंग सांगणे हा जसा अपराध, तसेच ते सांगण्यासाठी डॉक्टरास गळ घालणे हाही अपराधच.

एक गोष्ट शेवटी सांगावयाची राहिली. यंत्राचा ध्वनी गर्भातील मुलास ऐकू येत नाही. पण सहाव्या महिन्याच्या सुमारास त्याचे कान काम करू लागतात. आईच्या हृदयाचे ठोके, तिचे बोलणे, घरातील गजबज, हे सर्व त्यास मंदपणे पोहोचू लागते. नुकतेच जन्मलेले मूल परक्या बाईच्या आवाजाहून आईचा आवाज निराळा ओळखते व तोच अधिक पसंत करते, असे १९८० साली प्रयोगाने दिसून आले. डॉक्टर पडद्यावर मुलाचे चित्र पाहत असतात, तेव्हा ते मूल, मग ते मुलगा असो वा मुलगी, आपल्या आईचे बोलणे ऐकत असण्याचा संभव असतो. त्याचा जन्म झाल्यावर घरच्यांनी एवढे करावे: पहिल्या महिन्यातच त्याच्या कानांची परीक्षा करून घ्यावी, आणि कर्ण्यांच्या भिंतीपासून त्यास दूर ठेवावे.