कानाच्या टोकावरचा थेंब

कुपवाडला पावसाळ्यात कुत्रं मलूल झालं, लघवी तांबडी-काळपट दिसली, की आधी त्याच्या अंगावर गोचिडी शोधाव्यात. गोचिडीतून येणारा बॅबेशिया हा परजीवी केशवाहिन्यांत जास्त सापडतो, म्हणून पायाची शीर सोडून कानाच्या टोकाला सुई टोचतात. थेंब काचपट्टीवर पसरून जिम्सा रंग दिला, की तांबड्या पेशीत नासपतीच्या आकाराची जांभळट जोडी दिसते. दिसली नाही म्हणून निर्धास्त होऊ नये.

सर्रा या रोगाचा परजीवी ट्रिपॅनोसोमा तर ताज्या थेंबातही वळवळताना दिसतो. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तातही तो सापडला होता!

शेळीचं गणित निराळं. हिमॉन्कस जंत पोटात बसून रक्त पितो; रक्ततपासणीत दिसतो तो फक्त पंडुरोग. जंताची अंडी शोधायला दवाखान्यात ताज्या लेंड्याच न्याव्या लागतात.